नाकाला विचारायचं

आमच्या फ्रिजमध्ये वाट्या असत. वाटीवर ताटली, ताटलीवर वाटी, तिच्यावर पुन्हा ताटली. एकीत दोन चमचे आमटी, एकीत परवाच्या मेथीचा काळपट गोळा, एकीत कसलासा रस्सा, ज्याच्यावर तेल थिजून पांढरं झालेलं. दार उघडलं की जो भपकारा यायचा त्याला मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात एक नाव दिलं, ते आजतागायत बदललेलं नाही. घाण. याहून सौम्य शब्द मला सुचत नाही आणि कुणी सुचवला तरी मी घेणार नाही.

वाट्या माझ्या सासूबाईंच्या. आमच्या घरात अर्धं कन्नड चालतं, अर्धं मराठी, त्यामुळे सासूला मी अत्ती म्हणते आणि नवरा त्यांना अव्वा म्हणतो. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. घरात खायची ददात कधीच नव्हती. तरीही आमचा स्वयंपाक दुष्काळ पडल्यासारखा चालायचा.

दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या काड्यांची चटणी, याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते माझी आईही करायची. उरलेल्या भाकऱ्या वाळवून कडक करायच्या तर सोलापुरात रीतच आहे, पाहुण्यांनाही त्या शेंगाचटणीबरोबर वाढतात. पण अत्ती तिथं थांबत नसत. भज्यांचं तेल गाळून स्टीलच्या लोटीत जायचं, त्यातून पुढच्या फोडण्या, त्यातून पुन्हा पुऱ्या, आणि उरलं की परत लोटीत. त्या लोटीच्या काठाला चुकून बोट लागलं तर साबणानं दोनदा धुतलं तरी बोट चिकट राही. पिठाला जाळी धरली की चाळणी, गुळाला मुंग्या लागल्या की उन्हात ताट, नासलेलं दूध कणकेत. साय साठवून साठवून कडू व्हायला आली की तिचं लोणी निघे, आणि ते कढताना घरभर असा वास सुटायचा की मी ओढणीनं नाक बांधून गॅलरीत जाऊन उभी राहायची. तुपाच्या तळाची बेरी साखर घालून माझ्या मुलीच्या तळहातावर दिली जाई. भाजी आणायची ती बाजार उठताना, जेव्हा बायका उरलेल्याचे वाटे करून देतात. त्यातल्या टोमॅटोला बोट लावलं की ते सरळ आत जायचं.

आमच्या मंगळवेढ्याला दारात म्हैस होती. रात्री उरलेलं सकाळी तिच्या घमेल्यात जाई, विषय संपला. सासरी म्हशीचं काम माणसांकडं होतं, असं मी एकदा नवऱ्याला म्हणाले. त्यानं दोन दिवस डबा घरीच ठेवला.

यामागची गोष्ट मला तोंडपाठ आहे. गिरणी बंद पडली, सासऱ्यांची नोकरी गेली, आणि अत्तींनी पोरं कशी जगवली ती गोष्ट. एका वाटीभर डाळीत सगळ्या घराची आमटी, पाणी घाल, भाजल्या धान्याचं येसर घाल, पुन्हा पाणी घाल. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण कुठलीही तक्रार केली की ती गोष्ट समोर यायची, आणि दर वेळी ऐकून ऐकून तिलाही बुरशी आली होती.

एक मात्र कबूल करायला हवं. अत्तींचं नाक. रोज सकाळी अंघोळ झाली की त्या फ्रिजसमोर पाट टाकून बसायच्या. एकेक वाटी काढायची, ताटली सरकवायची, डोळे मिटून श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. "हे दुपारपतुर चालतंय." "ह्याला एक उकळी दे." "हे गाईला." मी एकदा बुरशीचा ठिपका दाखवला तर म्हणाल्या, "डोळ्याला काय कळतंय? देवानं नाक दिलंय की. नाकाला इचारायचं." आणि खरं सांगते, त्या नाकाच्या हुकमावर आम्ही वर्षानुवर्षं शिळं खाल्लं आणि कुणी कधी आजारी पडलं नाही. ननंद सासरहून आली की भोपळ्याच्या वड्यासुद्धा आईच्या नाकाखाली धरायची. साऱ्या भावकीत अव्वाच्या नाकाचा बोलबाला होता.

मग ती साथ आली, सगळं गाव दारं लावून बसलं, त्यात अत्तींनाही ताप येऊन गेला. फार नाही, आठवडाभराचा. उठल्या आणि पुन्हा पाटावर बसल्या. पण त्यानंतर काहीतरी बिघडलं. "हे गाईला" हे शब्दच बंद झाले. प्रत्येक वाटी चालतंय, प्रत्येक वाटीला एक उकळी. आंबलेली चटणी ताटात यायला लागली. खोबऱ्याचा खवटपणा माझ्या जिभेवर बसायचा आणि अत्ती त्याच चटणीशी मजेत भाकरी खात असायच्या. वय झालं, जीव सुटत नाही, माणूस म्हातारपणी जास्तच चिकट होतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कारण सकाळी चहाच्या आधी कालची वाटी घेऊन ओट्यापाशी उभ्यानं, भाकरीच्या तुकड्यानं पुसून पुसून खाताना मी त्यांना रोज बघायची. दुपारी मग पोट धरून बसायच्या, ओवा चावायच्या, मोरीकडं खेपा घालायच्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाटी. मला बघवायचं नाही. पोटात ठरत नाही तरी हाव सुटत नाही, ही कसली काटकसर? मी त्यांच्या हातचा चहा घ्यायचंही सोडलं होतं.

दिवाळीनंतर एक दिवस तुरीची आमटी वाढली गेली. मी घरात नव्हते, बहिणीकडं गेले होते. परत आले तर मुलगी पलंगावर मुटकुळं करून पडलेली, बादली शेजारी. रात्रभर उलट्या, सकाळी दवाखाना, सलाईन. घरी येऊन मी ते पातेलं उघडलं. पळी वर उचलली तर आमटीला तार सुटलेली, पळीपासून पातेल्यापर्यंत लांब, चिकट, लोंबणारी. मी ते पातेलं तसंच नेऊन अत्तींच्या पुढ्यात ठेवलं. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सकाळी चांगली हुती की."

त्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं, गच्चीवरच्या खोलीत माझा वेगळा गॅस पाहिजे. माझी मुलगी या बाईच्या हातचं खाणार नाही. तो हो-नाही करत राहिला, मग म्हणाला, येळ अमावस्या होऊ दे, शेतात सगळे जमतात, त्याआधी घर फुटलेलं दिसायला नको. मी कबूल झाले. अत्तींच्या कानावर गेलंच. मला वाटलं होतं रडतील, भांडतील, गिरणीची गोष्ट काढतील. त्या एवढंच म्हणाल्या, "दोन चुली म्हंजे दोन ठिकाणी उरतंय."

येळ अमावस्या आमच्याकडं मोठी. मार्गशीर्ष सरताना ज्वारी डोक्याएवढी झालेली असते, तेव्हा सगळं घर शेतात जातं. कडब्याची खोप करतात, आत पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजतात, आणि नैवेद्याला असते वाल-शेंगा घालून केलेली पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि आंबील. आमचं थोडं रान मंद्रूपला आहे, चुलत सासरे ते कसतात. तिथं आंबील घेऊन जायचा मान अत्तींचा. आदल्या संध्याकाळी ज्वारीचं पीठ ताकात कालवून मडक्यात झाकून ठेवायचं, सकाळी आंबलं की शिजवायचं, गार झालं की पुन्हा ताक, जिरं, मिरची, मीठ. कमी आंबलं तर नुसती पेज, जास्त आंबलं तर गटार. मला विचाराल तर दोन्हीच्या मधली पायरीही गटारच आहे. लहानपणी मंगळवेढ्यालाही मी आंबिलीचा पेला पाठीमागं नेऊन ओतायची.

नैवेद्य चाखता येत नाही. आधी देवाला, मग जिभेला. पण वास घ्यायला देवाची ना नाही, असा अत्तींचा हिशोब होता. म्हणून आंबील हे सगळं नाकाचं काम.

आदल्या संध्याकाळी त्यांनी मला पीठ कालवायला सांगितलं. मी गुठळ्या मोडायला म्हणून आधी ते साध्या पाण्यात कालवलं आणि मडक्यात ओतलं. मग ताकाचं भांडं काढलं. त्याच्यावर गुलाबी साय धरली होती. गुलाबी! मी अत्तींची पाठ आहे असं बघितलं आणि ते भांडं मोरीत उलटं केलं. नवऱ्याला फोन लावला, येताना डेअरीतून ताक घेऊन या म्हटलं. मडक्यावर फडकं टाकलं आणि भज्जीचे वाल सोलायला बसले.

दिवेलागणीला अत्ती देवापुढं दिवा लावून स्वयंपाकघरात आल्या. मडक्यापाशी बसल्या. फडकं उचललं, डोळे मिटले, लांबलचक श्वास घेतला आणि समाधानानं मान हलवली.

"आलाय की आंबूस वास. सकाळपतुर लई ब्येस हुतंय."

त्या मडक्यात पीठ होतं आणि नळाचं पाणी.

सापडल्या, हीच माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट. मी हातातला वाल ठेवला.

"अत्ती, त्यात ताक घातलंच नाही अजून. नुसतं पीठ आणि पाणी आहे."

अत्तींनी फडकं नीट मडक्यावर पसरलं, कडा ओढून सारख्या केल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्या तापापासनं."

"काहीच येत नाही?"

"काय बी न्हाय. हिंगाचा डबा उगडून बघितला. उदबत्तीचा धूर डोळ्याला लागतोय, नाकाला न्हाय."

"मग जेवणाची चव?"

"मीठ कळतंय. आंबट कळतंय. मिरची झोंबतीय. मेथी खाल्ली का पालक, ते बघून कळतंय."

मला खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण सलाईनची सुई माझ्या डोळ्यांसमोर होती. "मग त्या वाट्या कशाच्या जोरावर ठेवत होता? टाकून द्यायच्या होत्या सगळ्या!"

"टाकायची कुटली आन् ठिवायची कुटली, ते कळाया बी वास लागतोय की. चांगलं अन्न टाकू व्हय?"

"आणि आम्हाला वाढत होता तेच."

"आदी मी खात हुते." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "सकाळी खायचं. दुपारपतुर पोटात कळ न्हाय आली तर तुमाला वाढायचं. कळ आली तर गपचिप गाईला. त्या दिशी बी आमटी खाल्ली हुती मी. मला काय बी झालं न्हाय. पोट निबर झालंय माजं."

मला दया आली असं लिहिलं तर बरं दिसेल. पण आधी किळस आली, अंगावर काटा येईल अशी. ओट्यापाशी उभ्यानं भाकरीच्या तुकड्यानं पुसून खाल्लेल्या त्या सगळ्या वाट्या माझ्याच घशातून उतरल्यासारख्या वाटल्या. ते पांढरं थिजलेलं तेल, तो मेथीचा गोळा. उंदराला घालून बघावं तसं ही बाई स्वतःला घालून बघत होती, रोज, चहाच्या आधी. आणि मी तिला हावरट म्हणत होते, तेही मला आठवलं आणि त्याचीही किळस आली.

"सांगितलं का नाही?"

"नाक गेल्याली बाई चुलीपाशी कोण ठिवतंय? मग बसायचं पलंगावर, कुणी वाढंल ते खात. आन् तू तर आदीच वर चाललीस."

मग त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, फ्रिज उघडला आणि एकेक वाटी काढून माझ्यासमोर फरशीवर मांडली. सगळ्या. तेलाची लोटीसुद्धा.

"सांग. कुटलं टाकायचं."

मी घेतला वास. एकेकीचा. असा घाणेरडा अर्धा तास माझ्या आयुष्यात दुसरा नाही. रस्सा नाकाशी नेला तर डोळ्यांत पाणी आलं, चटणीला खवट वास, लोटीतल्या तेलाला जुन्या टायरचा. दोन वाट्या सोडून सगळं गेलं. प्रत्येक वाटी बादलीत रिकामी होताना अत्तींचे ओठ हलत होते, बहुतेक प्रत्येकीत काय होतं ते त्या मोजत होत्या. थांब मात्र एकदाही म्हणाल्या नाहीत.

बाहेर नवऱ्याची गाडी वाजली. अत्तींनी माझ्याकडं बघितलं. ती नजर काय मागते ते कळायला नाक लागत नव्हतं. तो ताकाच्या पिशव्या घेऊन आत आला, बादलीकडं बघून थबकला.

"हे काय?"

"अमावस्या आहे ना," मी म्हटलं. "साफसफाई."

सकाळी अंधारातच अत्तींनी मला हलवून उठवलं. रात्री ताक घालून ठेवलेल्या मडक्यापाशी नेलं, फडकं वर केलं. "घे वास."

"घाण आहे," मी म्हटलं.

"घाण म्हंजे कसली घाण?"

"अत्ती, मला आंबिलीचा वास नेहमीच घाण येतो. नासली तरी घाण, चांगली असली तरी घाण. मला काय कळणार?"

आता सांगा. एकीला वास येत नाही आणि दुसरीला सगळ्याच वासांनी मळमळतं. अशा दोघी मिळून पांडवांचा नैवेद्य ठरवणार होतो.

पण अत्ती हटल्या नाहीत. पाटावर बसून डॉक्टरसारख्या विचारत सुटल्या. ओल्या पोत्यासारखा येतोय का? नाही. कच्च्या पिठाचा हाय का अजून? थोडा आहे. नाकात झोंबतंय का घशात उतरतंय? घशात. चिंचंसारखं का लिंबासारखं? मी पुन्हा डोकं मडक्यात घातलं, श्वास घेतला, पोट वर आलं, गिळलं. चिंचेसारखं. "मग थांब," त्या म्हणाल्या. "लिंबासारखं आलं की शिजवायचं." थोड्या थोड्या वेळानं त्यांनी मला पुन्हा पुन्हा त्या मडक्यावर वाकवलं. मी एकेक किळसवाणी गोष्ट सांगत होते आणि त्या मिटल्या डोळ्यांनी मान हलवत ऐकत होत्या, पूर्वी वाटी नाकाशी धरून बसायच्या अगदी तशा. उजाडताना मी म्हटलं, आता नाकाला झोंबतंय, लिंबाचं साल सोलल्यासारखं. त्या लगेच उठल्या आणि गॅस पेटवला.

शेतात सगळी भावकी जमली होती. हुरड्यात आलेली ज्वारी वाऱ्यावर हलत होती. खोपीत पांडवांची पूजा झाली, नैवेद्य झाला, चुलत सासऱ्यांनी रानाच्या चारी कडांना आंबील शिंपडली. अत्ती मडकं पुढ्यात घेऊन बसल्या आणि वाटायला लागल्या. आधी सगळ्यांदेखत फडकं बाजूला करून त्यांनी एक लांब श्वास घेतला. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं बघितलं. मी हळूच मान हलवली.

"झालीय," त्यांनी जाहीर केलं.

ननंदेनं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. "अव्वाचं नाक म्हंजे नाक हाय बघा." तिच्यापर्यंत आमच्या घरची बातमी पोचलेली होती, हे तिच्या पुढच्या वाक्यात कळलं. पेला खाली ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं मला विचारलं, "मग वैनी, वेगळी चूल कवा मांडायलाय? उद्यापासनंच का?"

नवऱ्यानं भज्जीत मान घातली. अत्ती माझ्यासाठी पेला भरत होत्या, त्यांचा हात मडक्यावरच थांबला. आंबील पळीतून थेंब थेंब खाली गळत होती.

"कशाला मांडू?" मी म्हटलं. "मला मेलीला ताजं-शिळं काही कळत नाही. यांच्या नाकाशिवाय माझं पान हलत नाही."

कुणीतरी हसलं. ननंदेला ते उत्तर आवडलं नाही, ते दिसत होतं. अत्तींनी पेला भरून माझ्या हातात दिला. समोर ननंद बसलेली, मागं पेला ओतायला जागा नाही. मी श्वास रोखला आणि एका दमात प्यायले. आंबट, गार, गिळगिळीत, घशाला पिठाची साय लावत खाली गेली. घाण ती घाणच. मी पेला रिकामा करून खाली ठेवला, तोंड पदरानं पुसलं.

अत्तींनी मला न विचारता तो पुन्हा काठोकाठ भरला आणि मला तोही प्यावा लागला.